अंदमानात हरलेलं टेबल

वहिनींनी मला फसवलं. अंदमानात, भर दुपारी, सगळ्या डीलर मंडळींच्या देखत त्यांनी माझ्या मालकीचं बिलियर्डचं टेबल काढून घेतलं, आणि तेही मी स्वतःच्या तोंडाने 'चालेल' म्हणालो म्हणून. सायकलला पाइपचे तुकडे बांधून आठवडी बाजार करत मी तिसगावात पाण्याच्या मोटारी आणि पाइपचं दुकान उभं केलं. कंपनीचे साहेब, ट्रान्सपोर्टवाले, नगरचे ठोक व्यापारी, यांच्यातल्या कुणालाही मला गुंडाळता आलेलं नाही. ते काम एका नऊवारीतल्या बाईने केलं, आणि करताना ती हसलीसुद्धा नाही.

वहिनी म्हणजे रावसाहेबांची बायको. रावसाहेबांचं दुकान माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. माल तोच, गिऱ्हाईक तेच, त्यामुळे आमचं भांडणही रोजचंच. पाटीवर नाव रावसाहेबांचं होतं, पण भाव वहिनी ठरवायच्या. त्यांची एक जगावेगळी सवय होती. कोणतीही वस्तू त्या आधी कानाने पारखायच्या. कलिंगड सगळेच वाजवून बघतात. वहिनी पाइप वाजवायच्या, पत्र्याची पेटी वाजवायच्या, नव्या घराची फरशी वाजवायच्या. एकदा रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या, बाहेर रचलेल्या पाइपवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "भाऊजी, हा उन्हात लई दिवस पडून हाय. थंडीत तडकंल." मी त्यांना काय वाटेल ते बोललो. थंडीत पाइप तडकला. बदलून दिला, पण त्या सबंध हंगामात मी वहिनींशी बोललो नाही.

दुसरी सवय त्याहून वाईट, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने. त्यांच्याकडे एखादा माल संपला की तो द्यायला मी रस्ता ओलांडून जायचो, पण घासाघीस करताना त्या बोलायच्याच नाहीत. वस्तूवर हात ठेवायच्या आणि समोरच्याकडे बघत बसायच्या. माझ्यासारखा माणूस अशा वेळी तापतो. मीच भाव सांगायचो, मीच तो चढवायचो, मीच चिडायचो आणि शेवटी मीच उतरायचो. सौदा झाला की त्या म्हणायच्या, "बघा, किती दमलात. च्या पिऊन जा."

आता टेबलाबद्दल. नगरला भिंगारच्या बाजूला एक जुना क्लब बंद पडला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मी लाकडासाठी गेलो होतो. तिथे हे अजस्र टेबल निघालं. हत्तीसारखे पाय, आणि हिरव्या कापडाखाली अखंड दगडाच्या लाद्या. मला पूलचा, म्हणजे काठीने बॉल पॉकेटात घालायच्या खेळाचा, नाद होता. माल भरायला नगरला गेलो की ट्रक लागेपर्यंत मी सावेडीत पूल खेळत बसायचो आणि बऱ्यापैकी जिंकायचो. ते टेबल घेतलं खरं, पण लावायला जागा नव्हती. सुटं करून गोदामात ठेवलं, आणि हळूहळू त्याच्यावर पाइपची बंडलं चढत गेली.

पुढच्याच आठवड्यात रावसाहेब विचारायला आले, "ते टेबल देताय का?" समोरच्या दुकानदाराला माझ्या गोदामातली वस्तू हवी आहे म्हटल्यावर मी भाव आभाळाला टेकवला. ते परत आले, मी आणखी चढवला. मग वहिनी आल्या. गोदामाच्या दारात उभ्या राहिल्या, बोलल्या काही नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मी तापलो. म्हणालो, "विहिरीत टाकीन, पण तुम्हाला देणार नाही!" त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. त्या 'बरं'ला मी घाबरायला पाहिजे होतं.

त्यानंतर पाइप कंपनीने टार्गेट पुरं केलेल्या डीलरांना जोडीने अंदमानला नेलं. नगरचे, संगमनेरचे, पाथर्डीचे, सगळे एकाच विमानात. पहिल्या दिवशी सगळ्यांनी समुद्रात लोळून घेतलं. माझी बायको शंख-शिंपल्यांच्या दुकानात शिरली ती बाहेर येईना. मला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच चैन पडेना. समुद्र किती वेळ बघणार? हॉटेलातल्या पोराला विचारलं, इथे पूल कुठे खेळतात? तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊजी, आमी पण येतो. पाणी बघून डोळं दुखायला लागलं." बघतो तर वहिनी, आणि त्यांच्या मागे पिशवी धरून रावसाहेब.

आम्ही तिघं रिक्षाने निघालो. पहिलं ठिकाण एका मोठ्या हॉटेलच्या पडवीत होतं. आत दोघं खेळत होते. मी शिरायला लागलो, तर वहिनी पायरीवरच थांबल्या आणि कान दिला.

"चला इथनं."

"अहो, आत तरी या!"

"कशाला? कडेचं रबर मेलंय. ओल्या पोत्यावर नारळ पडल्यागत आवाज येतोय."

मी आत जाऊन बॉल ढकलला. तो कडेला लागला आणि तिथेच झोपला. मला राग आला, पण माझ्या मनात संशय आला नाही. वाटलं, पाइप वाजवणारी बाई आहे, लागला असेल अंदाज.

दुसरं ठिकाण किनाऱ्यालगत होतं. तिथे गाणी एवढ्या मोठ्याने चालली होती की कानाचा उपयोगच नव्हता. वहिनींनी सरळ जाऊन कापडावर तळवा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. तळव्याला वाळू. "ह्याच्यावर खेळायचं का शेंगा भाजायच्या?" त्यांनी विचारलं. रावसाहेब खो खो हसले. रिक्षावाला आता आमच्यात सामील झाला होता. म्हणाला, "दीदी, एक और है। लेकिन आप लोगों के लायक नहीं है।" वहिनी म्हणाल्या, "वही दिखाओ।"

ते होतं भाड्याच्या स्कूटरी दुरुस्त करायच्या गॅरेजमागे. पत्र्याचं छप्पर, ग्रीसचा वास, आणि मालक दास नावाचा एक वयस्कर बंगाली. आतून खट्ट असा स्वच्छ, कोरडा आवाज आला आणि वहिनी रिक्षा थांबायच्या आतच उतरल्या. टेबल जुनं होतं, पण दगडाचं होतं. खाली एक बल्ब जळत ठेवलेला, ओल धरू नये म्हणून. वहिनींनी वाकून तो बल्ब बघितला आणि म्हणाल्या, "ह्या माणसाचा जीव हाय टेबलावर." माझाही जीव हरखला. समुद्राच्या मधोमध, इतक्या लांब, असा हॉल! मी काठ्या तपासायला लागलो.

पण बेटावरची हवा शेवटी ओलीच. बॉल दोन हात जाऊन रेंगाळत होता. दासने हात जोडले. पावसाळी हवेत असंच चालतं म्हणाला. वहिनींनी विचारलं, "इस्त्री है?"

दासला वाटलं साडीसाठी पाहिजे. त्याने घरातून आणून दिली. वहिनींनी ती आधी वर्तमानपत्रावर फिरवली, कागद पिवळा पडतो का ते बघितलं आणि मग टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, एकाच दिशेने, न थांबता ओढत नेली. मागून डावा तळवा. परत पहिल्या टोकाला यायचं, पुन्हा तसंच. कापडातून वाफ निघत होती. दास आधी घाबरला, आणि मग पंखा त्यांच्याकडे वळवून उभा राहिला.

मी हे सगळं बघत होतो. रोज माणसं ओळखून पोट भरणारा मी, डोळ्यांसमोर चाललेलं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाईमाणूस आहे, इस्त्री चांगली येणारच.

दुपारी पाऊस आला आणि बोटीची फेरी रद्द झाली. आमची सगळी डीलर मंडळी शोधत शोधत गॅरेजमागे गोळा झाली. इस्त्री केलेलं ते टेबल असं पळत होतं की मला नगरच्या कोरड्या हवेत खेळल्यासारखं वाटलं. मी पाथर्डीवाल्याला हरवलं, संगमनेरवाल्याला दोनदा हरवलं, दासच्या जावयाला हरवलं. मोठ्या आवाजात बोलायला लागलो. तेव्हा वहिनी पुढे आल्या. "मी बी मारून बघू का एकदा?" काठी उलटी धरली, ती घसरली, बॉल टेबलाखाली गेला. मंडळी हसली. मी सगळ्यात जास्त हसलो.

"भाऊजी, तुमच्यासंगं खेळायचं तर काहीतरी लावाय लागतं म्हणं."

"लावा की!"

"तुमच्या गोदामातलं टेबल."

"आणि तुम्ही काय लावणार?"

"पुढच्या हंगामाला आमच्या दुकानात ठिबकचा माल न्हाई ठेवायचा. सगळी गिऱ्हाइकं तुमची."

ठिबक म्हणजे त्यांच्या दुकानाचा अर्धा जीव. रावसाहेब "अगं, अगं" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "तुमी गप बसा." आणि ते बसले. नवरा इतक्या लवकर गप्प बसतो, तिथे काहीतरी शिजलेलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त ठिबकची गिऱ्हाइकं दिसत होती. मी म्हणालो, "चालेल."

पहिला फटका मारून बॉलची फोड मी केली. माझ्याकडे पट्ट्यांचे बॉल आले आणि मी ते धडाधड घालत गेलो. दोन पट्टे आणि शेवटी घालायचा काळा, एवढंच उरलं. मी वाकलो, तेवढ्यात वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, जोरात नका मारू. कापड तापलंय. हळू."

सल्ला खरा होता. त्यांनी दिला म्हणूनच मी तो ऐकला नाही. जोरात मारलं, बॉल पॉकेटच्या दोन्ही ओठांना आपटून बाहेर आला.

वहिनींनी पदर खोचला. काठी आता उलटी नव्हती. खडू लावताना त्यांनी काठीकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे टेबलावर फिरत होते, गहाळ झालेली वस्तू शोधावी तसे. मग त्या वाकल्या, हनुवटी काठीला लागली. पहिला बॉल गेला. दुसरा गेला. पांढरा बॉल मारून झाला की जिथे पाहिजे तिथेच जाऊन उभा राहायचा, बोलावल्यासारखा. मंडळी आधी हसत होती, मग मोजायला लागली, मग मोजणंही थांबलं. संगमनेरवाला माझ्या कानात पुटपुटला, "शेठ, टेम्पो सांगून ठेवा." शेवटी काळा उरला, लांबच्या कोपऱ्यात, माझ्या एका पट्ट्याच्या आड. वहिनींनी पांढरा कडेला लावून फिरवला. काळा निवांत चालत गेला आणि पॉकेटात उतरला. दासने टाळ्या वाजवल्या. पत्र्याखाली एवढा आरडाओरडा झाला की गॅरेजातले मेकॅनिक धावत आले.

"ही फसवणूक आहे!" मी ओरडलो.

"कसली?" वहिनी म्हणाल्या. "मला खेळता येत न्हाई असं मी कवा म्हनलं? तुमी इचारलंच न्हाई."

मग पहिल्यांदाच त्या न थांबता बोलल्या. त्यांचे वडील त्या भिंगारच्या क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे आणि टेबल राखायचे. दुपारी क्लब रिकामा असताना त्यांनी मुलीला शिकवलं. "माझ्या बापानं त्या टेबलाला जन्मभर इस्त्री केली, भाऊजी. तुमी त्याच्यावर पाइपाची बंडलं टाकली. दाम देत हुतो, तवा तुमी घेतला न्हाई. मग काय करायचं मी?"

हॉटेलवर गेल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं, गोदामात जागा झाली."

परत आल्यावर टेबल मीच माझ्या टेम्पोने पोचवलं. रावसाहेबांच्या दुकानामागच्या शेडमध्ये ते लागलं. बाजाराच्या दिवशी दुकान मुलावर सोपवून मी तिथे जायला लागलो. हायस्कूलचे मास्तर यायचे, एसटीचे कंडक्टर यायचे, ऊसतोडीहून परतलेले मुकादम यायचे. वहिनी सगळ्यांशी खेळायच्या. माझ्याशी खेळताना जरा जास्त मन लावून खेळायच्या आणि मला हरवायच्या. "भाऊजी, राग काठीत उतरतो. गोळ्याला काय माहीत तुमचं कुनाशी भांडान झालंय?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे कंपनीच्या माणसाशी भावाचं बोलताना मी वस्तूवर हात ठेवून गप्प बसायला लागलो. समोरचा तापतो. आपण चहा मागवायचा. माझा धंदा त्या शेडमधल्या पराभवांनी वाढवला, हे लिहिताना मला जड जातंय, पण खरं आहे.

मी त्यांना एकदाही हरवलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या, खुर्चीत बसून माझा खेळ बघायच्या आणि "हळू" म्हणायच्या. दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यानंतर मी शेडकडे फिरकलोच नाही.

गेल्या आठवड्यात मोटार बसवायला रावसाहेबांच्या मळ्यात गेलो. विहिरीशेजारी धुणं धुवायला नवी जागा केलेली दिसली. काळ्या, गुळगुळीत, अखंड लाद्या. त्यांच्यावर साबणाचं पाणी वाहत होतं. हत्तीसारखे ते पाय गोठ्याच्या छपराला टेकू म्हणून लागले होते. रावसाहेब खाली बघत म्हणाले, "तिच्यामागं ते टेबल बघवंना मला."

रावसाहेब, बघवत नव्हतं तर शेडला कुलूप लावायचं होतं. किल्ली माझ्या दुकानात टाकायची होती. मध्ये एक रस्ता तर आहे. त्या बाईने सगळ्या हंगामावर पाणी सोडायची तयारी करून ते टेबल मिळवलं होतं, आणि तुम्ही ते फोडताना समोरच्या माणसाला हाक मारली नाहीत. मी तुमच्याकडून माल घेतला नाही, तुम्हाला जाबही कधी विचारला नाही. आज मात्र विचारणार आहे. येत्या बाजाराला, माझ्या दुकानासमोर, सगळ्यांच्या देखत मला सांगा: त्या टेबलाला हात लावायच्या आधी तुम्ही मला का नाही बोलावलं?