चंद्राबाईचा वस्तरा

गेणबाच्या घरात धोकटीला बाईमाणसानं हात लावायचा नाही, ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, धार लावायची पथरी, सगळं त्या चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवी मधल्या खांबाच्या खुंटीला. दसऱ्याला गेणबा ती खाली घ्यायचा, पाटावर हत्यारं मांडायचा आणि चंद्राबाई लांबूनच हळदीकुंकू टाकायची. नवी नवरी होती तेव्हा सारवायच्या नादात तिनं धोकटी उचलून बाजूला ठेवली, तर सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पुढं सासू गेली, पोरगं मोठं झालं, सून आली, तरी चंद्राबाईचं बोट काही परत धोकटीला लागलं नाही.

पौडच्या पुढं, ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यावर गेणबाची पत्र्याची टपरी होती. त्याच्याआधी तो घरोघर दाढ्या करत फिरायचा आणि सुगीला खळ्यावर त्याच्याबदली भात घ्यायचा. मग धरणाच्या बाजूला बंगले उठले, लोकांनी जमिनी विकायला काढल्या, पोरं बावधनला जाऊन कानावर रेघा मारून यायला लागली. पण गावातल्या म्हाताऱ्यांचे गाल गेणबाच्याच हाती राहिले. गिऱ्हाइकाला वस्तरा कळला तर तो वस्तराच नव्हे, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडं दाढी करून आलेला माणूस त्याला लांबून कळायचा. त्याला भर रस्त्यात थांबवून विचारायचा, "कुनी सोलला रं तुला?"

अशा माणसानं एक दिवस हैबतरावांचा एक गाल केला, वस्तरा पुसला आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. हैबतराव अर्ध्या फेसानं हसत बाहेर आले. "गेणबा, दुसरा गाल काय उद्याला ठेवला का?" गेणबानं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बसा की. नंबर लागंल तुमचा." हैबतरावांचं हसू तिथंच विरलं.

त्याचं डोकं असं हळूहळू उतरत गेलं. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या. हातालाही कंप सुटला. कैलासनं, म्हणजे त्यांच्या लेकानं, टपरीला कुलूप लावलं. कैलासचं स्वतःचं दुकान महाळुंग्याला, नव्या इमारतींच्या खाली, आणि बिऱ्हाडही तिकडंच. काचेचं दार, फिरत्या खुर्च्या. बापाला तो एकदा दाढीला तिकडं घेऊन गेला. खुर्ची मागं रेलली तसा गेणबा घाबरला आणि तोंडाला फेस घेऊन थेट रस्त्यावर पळाला. कैलासनं त्याला गाड्यांमधून धरून आणला. नंतर आईपाशी बसून तो पोरासारखा रडला. "आई, मला म्हनला, सोड रं भाऊ, माझ्या घरी सांगंन."

तेव्हापासून गेणबा कुणाला तोंडाजवळ हात नेऊ देईना. दाढी वाढली. आणि दाढी वाढली तसा नवाच ताप झाला. भिंतीवरच्या आरशात तो पांढऱ्या दाढीचा माणूस बघायचा आणि हबकायचा.

"ह्यो कोन बसलाय घरात?"

"अवं, तुमीच हाय त्यो."

"मी? मी असा न्हवं. हाकल त्याला."

चंद्राबाईनं आरसा काढून ठेवला, तर तो दाढीवाला खिडकीच्या काचेत दिसायला लागला. कैलासनं प्लास्टिकचे वस्तरे आणून दिले, ते गेणबानं उकिरड्यात भिरकावले. शेवटी एका सकाळी चंद्राबाईनं हात धुतले, खुंटीला हात जोडले आणि धोकटी खाली घेतली. आतला वस्तरा बघून गेणबा गप झाला. मान वर करून बसला. "कर," म्हणाला.

आता धार लावणं चंद्राबाईला नवं नव्हतं. जन्म भातकापणीत गेलेला. विळा दगडावर कसा तिरका धरायचा, कसा जोर द्यायचा, हे तिला झोपेतही जमलं असतं. तिनं पथरी पाण्यानं भिजवली, वस्तऱ्याची पाठ उचलून धरली आणि विळ्यासारखा खसाखसा घासला. पातं चकाकायला लागलं. तिला बरं वाटलं. दर दाढीच्या आधी ती तसाच घासायची, आणि वर धोकटीतला धार परजायचा चामड्याचा पट्टा खांबाला ताणून त्याच्यावरही विळा ओढावा तसाच ओढायची.

गेणबा डोळे मिटून बसायचा. खाटेची कड दोन्ही हातांनी धरायचा. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"लागतोय का?"

"न्हाई. चांगला हाय."

"मग पानी कशाचं?"

"म्हातारपनाचं."

दाढी झाली की तिनं तुरटी फिरवायची. गालावर लाल पुळ्या उठायच्या, त्यांना खोबरेल लावायचं. पण तिनं आरसा पुढं धरला की गेणबा स्वतःला ओळखायचा. हनुवटीवरून हात फिरवायचा आणि त्या दिवशी जरा माणसात असायचा, चहा मागायचा, तिला नावानं हाक मारायचा. तेवढ्यासाठी चंद्राबाईचं सगळं चाललं होतं. ती हाक अजून येत होती तोवर तिला कशाचीच तक्रार नव्हती.

पौडच्या बाजारपेठेत अन्वरभाईंचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. आता तिथं मुलगा बसतो. गेणबा आणि ते जुने दोस्त, एकमेकांच्या धारेला नावं ठेवण्यात हयात गेली. दोस्ताच्या आजाराचं ऐकून अन्वरभाई भेटायला आले. गेणबानं ओळखलं नाही. अन्वरभाई थोडा वेळ त्याचा हात हातात घेऊन बसले, मग त्याच्या गालाकडं निरखून बघायला लागले.

"वैनी, ह्याची दाढी कोन करतंय?"

"मीच."

"वस्तरा आना बरं इकडं."

त्यांनी पातं उजेडाला धरलं. मनगटावरचा एक केस पात्यावर ओढून बघितला, तो नुसता वाकला. खांबाच्या पट्ट्यावर आडवे कापे पडले होते, त्यांच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ह्यानं भात कापलंत का वैनी?"

"काय झालं? चकाकतोय की."

"चकाकायला ताटबी चकाकतंय. ही धार न्हाई, ही करवत हाय. विळ्यावानी घासलाय तुमी."

चंद्राबाईनं पात्यावर बोट टेकवून बघितलं. "मंग... त्यांना लागत आसंल?"

"लागत? एकेक केस उपटून निघत असंल."

"पन ह्ये तर म्हनायचे चांगला हाय. मी दर खेपंला इचारायची. सांगितलं का न्हाई?"

अन्वरभाईंनी दोस्ताकडं पाहिलं. गेणबा अंगणातल्या कोंबडीला नंबर लागेल म्हणून सांगत होता. "सुचलं नसंल," अन्वरभाई म्हणाले, पण तिच्याकडं न बघता.

त्यांनी बसून पातं पुन्हा जागेवर आणलं. मोडलेली धार काढायलाच दुपार गेली. मग तिला शेजारी बसवलं. विळ्याची पाठ उचलतात. वस्तऱ्याची पाठ पथरीवरनं सुटूच द्यायची नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकलेल्या. जोर अजिबात नाही, दुधावरची साय ओढतो तितकाच हात. पथरीवर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं. पट्ट्यावर धार पुढं गेली की चामडं चिरतं आणि धार मरते. उलटवताना पाठीवरच उलटवायचा.

"आन् पथरीवर रोज न्हाई न्यायचा. पथरी लई झाली की पातं खपतं. त्याला पट्टाच जगवतोय. इसरला न्हाई ना?"

"न्हाई."

"माझा पोरगा इसरला," अन्वरभाई म्हणाले आणि उठले. पौडहून दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक पट्टा पाठवून दिला.

त्यानंतर चंद्राबाई धारेच्या मागंच लागली. चूल आवरली की पट्टा खांबाला, वस्तरा हातात. सुरुवातीला पातं अडखळायचं, पाठ सुटायची, ती स्वतःलाच शिव्या घालायची. जमलं का बघायला स्वतःच्याच हातावरचे केस उतरवायची. डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. पाण्यावर शेजारच्या गौतमीनं तो बघितला.

"काकी, हाताला काय झालं? किडलाय का पार्लर लावलंय?"

"पार्लर लावलंय. तुजं डोकं आन, करते."

हसणं झालं, पण चंद्राबाईच्या मनात एकच होतं. गेणबा उभ्या आयुष्यात तिच्या कुठल्या कामाला बरं म्हणाला नव्हता, म्हणण्याची रीतही नव्हती. पण धार त्याला कळते. डोक्यातलं सगळं गेलं तरी गालाला ती कळणारच. नीट धार लागली की तो ओळखेल, आणि एकदा तरी म्हणेल, चंद्रे, आता जमलं.

मग एका सकाळी केस पात्याला टेकला आणि तुटला. ओढलासुद्धा नाही. तिनं पाणी गरम केलं, फेस केला, गेणबाला पडवीत खाटेवर बसवलं. वस्तरा शेवटचा एकदा पट्ट्यावर परजला, तेव्हा तो सर्र, सर्र आवाज ऐकून गेणबा ताठ झाला. मान मागं टाकली. हात मांडीवर सैल सोडले. खाटेची कड त्यानं धरली नाही.

वस्तरा गालावरनं गेला तसा गेलाच. चंद्राबाईला हाताखाली काही जाणवेना. गळा झाला, हनुवटी झाली. गेणबाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. शेवटी त्यानं गालावर हात फिरवला आणि डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं.

"वस्तरा कुनी परजला?"

"मीच."

"व्हय? बाईमानूस असून लई चांगला हात हाय तुमचा."

आख्ख्या संसारात तो तिला कधी तुमी म्हणाला नव्हता. चंद्राबाईच्या हातातला पंचा तसाच राहिला.

"कुटं शिकला?" गेणबानं विचारलं.

"घरीच."

"मीबी ह्याच धंद्यातला. मला कळतंय." मग तो पुढं वाकला, आवाज उतरवून म्हणाला, "आमच्या घरी मंडळी करती माझी दाढी. लई लागतंय बगा. जीव जातोय."

"मंग सांगायचं की तिला," चंद्राबाई म्हणाली.

"कसं सांगू? कदी हत्याराला हात न्हाई लावू दिला तिला. आता म्हातारपनी बिचारी माज्यासाठी शिकाया बसलीया. हात थरथरत्यात तिचं. मी लागतंय म्हनलो तर टाकून दील." तो थांबला. "घरी सांगू नका."

"न्हाई सांगत."

गेणबा उठला. पायांत चपला घालायला लागला. "येतो आता. वाट बगत आसंल. उशीर झाला की दारात येऊन उभी ऱ्हाती."

आधी असं झालं की चंद्राबाई त्याला समजवायची, हे आपलंच घर म्हणून, आणि तो चिडायचा, झटापट व्हायची. आज तिनं काही म्हटलं नाही. त्याचा हात धरला, पायऱ्या उतरवल्या, घराच्या कडेनं, फणसाखालनं, लाकडांच्या ढिगाला वळसा घालून परसात आणला. तिथं त्याला भिंतीचा आधार दिला. "हितनं सरळ जावा," म्हणाली. आणि पुढनं पळत आत शिरून, पदरानं तोंड पुसून, मागच्या दारात येऊन उभी राहिली.

गेणबा भिंत धरत धरत आला. तिला बघून त्याचा चेहरा निवळला.

"आलात?"

"आलो गं चंद्रे."

तिनं त्याच्या गालाकडं पाहिलं. तो एकदम तळव्यानं गाल झाकायला लागला, काही चोरून आणल्यासारखा.

"दाढी कुनाकडनं केली?"

"हाय एक बाई रस्त्याला. बळंच बसवलं तिनं." उंबऱ्यापाशी तो थांबला, तिच्या खांद्यावर हात टेकला. "बरी करती. पन तुज्यावानी न्हाई. उद्या तूच कर."

"व्हय," चंद्राबाई म्हणाली आणि त्याला धरून आत घेतलं.