काळे हात
कपड्याच्या साबणाचा वास आला की अजूनही माझा जळफळाट होतो. एका भक्तिपर लघुपटासाठी वडिलांवर कविता हवी होती. मी ओळीओळीला यमक जुळवून वडिलांचं आभाळ केलं, वटवृक्ष केला, शेवटी देवही केला. माझ्या मित्राने 'बाप' हा शब्दच वापरला नाही. त्याच्या कवितेत सातपूरच्या कंपनीतून आलेला एक माणूस काळे हात कपड्याच्या साबणाने तीनदा धुतो, हुंगून बघतो आणि मगच देवापुढे दिवा लावतो. अर्थात त्याचीच निवडली गेली. मी फणफणलो, "यात कविता कुठेय?" तो म्हणाला, "अरे, तुझेच पप्पा आहेत ते. अभ्यासाला यायचो ना तुझ्याकडे, तेव्हा बघायचो." आता पप्पा नाहीत. ते हात हुंगायचे हे मला त्याच्याकडून कळलं, आणि त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.