बांधावरची न फळणारी वेल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी घरात ख्याती आहे — तरीही नाही.

सप्तापूरच्या आमच्या गल्लीत मला रानभाज्यांची जाणकार म्हणतात. मी शाळेत गणित शिकवते; घोळ कुठली आणि पाथरी कुठली, तेही मला पूर्वी कळत नव्हतं. जे काही येतं ते गंगव्वानं दिलेलं. दारोदार भाजी विकणारी ही बाई रविवारी मला शेतांच्या बांधांवर न्यायची. कोवळं तेवढंच खुडायचं, मुळाला हात लावायचा नाही, पहिलं फळ बांधालाच ठेवायचं — हा तिचा नेम. एवढं कोण शिकवतं हो, काही न मागता? पावसाळाभर माझ्या घरात विकतचा कोबी शिरत नाही, तो तिच्यामुळे. तिचे उपकार मी रोज जेवते.

एका बांधावर करटुल्यांच्या चार वेली होत्या. तीन फळायच्या, चौथी नुसतीच फुलायची. मला वाटलं — हे सांगतानाही अडखळायला होतं — मला वाटलं, हिचा कुणाला उपयोग? एके दिवशी एकटीच गेले, तिचा कंद उकरला आणि गच्चीवर कुंडीत लावला. घरची करटुली हवी होती मला. बांधापर्यंत चालायचा कंटाळा, दुसरं काय?

पुढच्या वर्षी कुंडीत फुलं आली, फळ नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी बघताच सांगितलं, ही नराची वेल. ही जवळ नसेल तर बाकीच्या वेलींना फळ धरत नाही.

त्याच आठवड्यात गंगव्वा रिकामी बुट्टी घेऊन माझ्या पायरीवर बसली. बांधावरची फुलं सगळी गळली होती. मागच्या वर्षी पहिलं फळ ठेवायचं राहिलं असणार, चूक आपलीच, म्हणाली. आणि तिथंच शपथ घेतली — यापुढे करटुलं तोंडात घालणार नाही. तिला त्याहून आवडती भाजी नव्हती.

तेव्हा बोलायचं होतं ना? मी चहा ठेवायला आत गेले.

कंद मी गुपचूप परत नेऊन पुरला. पुढच्या पावसाळ्यात वेली फळल्या. गंगव्वाला वाटलं, शपथ पावली. मग ती मोडायची कशी? माझ्या निस्तरण्यानंच ती जन्माची झाली.

यंदाही तिनं कोवळी करटुली माझ्यासाठी वेगळी काढून आणली. मी ती परतली, तिलाही ताट वाढलं. तिनं भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली आणि माझ्या ताटाकडे बघत तिच्या कानडीत चवीचं विचारलं, "रुची ऐतिरी, अक्का?"

चव होती. फार होती. मी मान हलवली आणि आणखी वाढून घेतली.