शनिवारचा रोजा

थोरली गुरुवारी गेली. शुक्रवारी, शाब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या संध्याकाळी लागायच्या आत, तिला कबरस्तानात नेलं. तिच्या आईने घरातले आरसे चादरींनी झाकले. आमच्यात सुतकाची तशी रीत आहे.

खरं तर ती कोणाचीच थोरली बहीण नव्हती. आईवडिलांची एकुलती एक. पण नवी मुंबईत आम्ही बेने इस्राएल मुली इतक्या थोड्या, की एका वर्गात दोघी कधी सापडायच्या नाहीत. “ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?” हे मी घणसोलीच्या शाळेत ऐकायचे, दुसरी कोणी नेरूळला ऐकायची, आणि दोघी आपापल्या घरी येऊन गप्प बसायचो. थोरली तेव्हा कॉलेजात होती, आम्ही आठवी-नववीत. तिने आम्हाला शनिवारी दुपारी बेलापूरच्या आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली. काही शिकवायची नाही. आम्ही जमिनीवर लोळायचो, एकमेकींच्या वेण्या घालायचो आणि तक्रारी करायचो. तक्रारी बहुतेक स्वतःच्या तोंडाबद्दलच असायच्या.

“आरसा खोटारडा असतो, मला विचार,” असं ती म्हणायची. विचारलं, की हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायची आणि सोनार दागिना बघतो तसं निवांत बघायची. माझं नाक मला नकोसं झालं होतं. ती म्हणाली, “हे तुझ्या आजीचं आहे. परत देऊन येतेस का तिला?” सगळ्याजणी हसल्या आणि त्या दिवसापुरतं नाक माझं झालं. तिला मात्र असं खिडकीकडे वळवून कोणी बघितलं नाही. थोरलीला कोण बघणार?

बेलापूरजवळच्या दिवाळे गावात तिच्या आईबरोबर मासे आणायला गेलो, की आमच्या धर्मात बिनखवल्यांचं चालत नाही, त्यावरून तिथली कोळीणमावशी दर वेळी टोमणा मारायची. “कोलंबी नको, चिंबोरी नको, मंग तुमी खाता तरी काय गो?”

“खवल्यांचा मासा खातो मावशी, आणि तुझं डोकं,” थोरली म्हणायची.

“खातंय कुठं? काठी झालीय पोरीची,” मावशी तिच्या आईला म्हणाली होती. आई हसली. आम्हीही हसलो.

एकदा परदेशातून एक बाई आमच्या मुलींच्या शिबिराला आल्या. गोऱ्या, प्रेमळ. आमच्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, की तुम्ही अजिबात ज्यू दिसत नाही. आम्ही खाली बघायला लागलो. थोरली शांतपणे त्यांना इंग्रजीत म्हणाली, “आमचे लोक कोकणच्या उन्हात तेलाचे घाणे चालवत होते. तुमचे सावलीत असतील.” त्या दिवशी आम्ही मान ताठ करून घरी परतलो. बसमध्ये ती मोबाइलवर शिबिराचा फोटो मोठा करून बघत होती. “मी केवढी दिसतेय यात,” ती म्हणाली. मला तो विनोद वाटला.

आमच्याकडे उपासाला रोजा म्हणतात. नव्याचा रोजा, बिरड्याचा रोजा, आणि वर्षातला सर्वांत मोठा दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. माझ्या पिढीतल्या मुली फार तर मोठा तेवढा धरतात, तोही दुपारी कॉफी पिऊन मोडतात. थोरली सगळे धरायची. पंचांगातून पुसले गेलेले, फक्त म्हाताऱ्यांना आठवणारेसुद्धा. सिनेगॉगमधल्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या. “बघा, शिका जरा हिच्याकडून. एवढी शिकलेली पोर, पण धर्म सोडला नाही.” एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला, की गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा आपला वाटा ती माझ्या ताटलीत टाकायची. “तू वाढत्या अंगाची आहेस, खा.” तिची आई अभिमानाने सांगायची, की नवस असणार काहीतरी, सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात मुलगी जेवत नाही म्हणून आईने घर डोक्यावर घेतलं असतं. आमच्यात तिला आशीर्वाद मिळाले.

मग एका दुपारी तिच्या आईने आमच्यापुढे करंज्या ठेवल्या. थोरली म्हणाली, “मला नको, रोजा आहे.” आमच्यातली सर्वांत लहान मुलगी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली, “पण आज शनिवार आहे ना, दीदी? शाब्बाथला कुठे रोजा असतो?”

खरंच होतं ते. शाब्बाथ आनंदाचा दिवस. दारफाळणी शनिवारी आली तर गोष्ट वेगळी, एरवी त्या दिवशी उपास धरायला मनाईच आहे. लहान पोरांनाही हे माहीत असतं. तिच्या आईच्या हातातली ताटली खाली आली. थोरली खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, “माझा असतो.”

त्यानंतर डॉक्टर झाले, समुपदेशन झालं. आई समोर बसून भरवायची, वडील दाराबाहेर उभे राहायचे. आम्ही शनिवारी जात राहिलो, आणि ती आमच्यासाठी दोन घास खायची, हसून. तिचं शरीर तोवर थकलं होतं. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तिने विचारलं, “कशी दिसते गं मी? खरं सांग.”

“छान दिसतेस,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे निवांत बघितलं, पूर्वी बघायची तसंच. “खोटं छान बोलतेस. माझ्याकडूनच शिकलीस.”

ती आम्हाला इतकी वर्षं जे सांगत आली, तेही असंच होतं का, हे मी विचारलं नाही. नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. दोन दिवसांनी तिचं हृदय थांबलं.

आता तिचे आईवडील बेलापूरला नाहीत. आमच्यातल्या बहुतेकजणी लग्न करून किंवा नोकरीसाठी इस्रायलला गेल्या. मी इथे आहे. आम्ही एकमेकींना फोन करतो आणि आधी विचारतो, जेवलीस का? पलीकडून ‘हो’ येतं. ते खरं आहे की नाही, हे कळायला काही मार्ग नाही.