दोन डावे हात

दीर्घ दुखणे माणसाला देवाजवळ नेते, की देवापासून तोडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. माझ्यापाशी उदाहरण एकच आहे. मात्र ते मी शेजारच्या वर्गातून अकरा वर्षे रोज पाहिले आहे.

“थांबा हां गुरुजी, माजे हात अजून ऊन खातत,” असे म्हणत बाई सकाळी आपल्या वर्गाच्या खिडकीच्या कठड्यावर दोन्ही तळवे ठेवून उभ्या राहत. बोटांना संधिवात होता. ऊन लागल्याशिवाय ती उघडत नसत. कट्टा गावाच्या अलीकडे असलेल्या आमच्या मराठी शाळेत त्या पहिलीला शिकवत आणि मी तिसरीला. पन्नास सालानंतरची ती वर्षे होती. बाई ख्रिस्ती, अविवाहित. घरी म्हातारी आई, आणि दोघींचे घर बाईंच्या पगारावर चाले.

दुखण्यापूर्वीच्या बाई मी पाहिल्या आहेत. त्यांचे अक्षर इतके रेखीव होते, की शाळेतले सगळे तक्ते त्यांच्याकडून लिहून घेत. या अक्षराचा त्यांना अभिमान होता आणि वाईट अक्षराचा राग. हा राग दुखण्यातही गेला नाही. पुढे पहिलीत आलेल्या एका मुलीचा ‘भ’ काही केल्या सरळ उभा राहत नसे. “ह्या काय अक्षर गो? पाटयेर कुर्ली चालवलंस?” असे विचारून बाई तिच्या बोटांवर पट्टी मारत. खेकड्याच्या उपमेला वर्ग हसे. ती मुलगी हसत नसे. मीही तेव्हा भिंतीपलीकडे हसलो आहे, हे नोंदवणे योग्य होईल.

दुखणे वाढले तसे उपायही वाढले. सावंतवाडीच्या डॉक्टरांची औषधे झाली, वैद्याचे तेल झाले. सप्टेंबरात सायबिणीचा, म्हणजे येशूच्या आईचा, सण असे. जो अवयव दुखतो त्याची मेणाची प्रतिकृती त्या दिवशी वेदीपाशी अर्पण करण्याची या लोकांची रीत आहे. चर्चबाहेर बायका मेणाचे हात, पाय, डोळे विकायला बसत. बाई दरवर्षी हातांची जोडी घेत.

एका वर्षी गर्दीत घाईने घेतलेली जोडी त्यांनी वेदीपाशी उलगडली, तर दोन्ही हात डावे! त्या तशाच बाहेर आल्या. विकणारी म्हणाली, “बाय, हात दोन मागलंस, दोन दिलंय मगे! आता उजवो एकय रवाक नाय.” शेवटी तेच अर्पण करून त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत चहाच्या वेळी म्हणाल्या, “गुरुजी, अर्ज चुकीचो गेलो. सायबीण म्हणतली, ह्या बायक डावेच हात होये.”

आम्ही पोट धरून हसलो. पण त्याच हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटे मिटली ती उघडलीच नाहीत. खडू धरता येईना. मग त्यांचे हसणे थांबले. रविवारी त्या चर्चमध्ये जात, पण नुसत्या बसून येत. “इतकी वर्सां मागलंय, गुरुजी. आयकता कोण?” असे त्यांनी मला एकदाच विचारले.

वार्षिक तपासणी जवळ आली होती. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळे दिपोटीसाहेब म्हणत. फळ्यावर लिहिता न येणाऱ्या शिक्षिकेला ते ठेवतील, अशी आशा नव्हती. म्हणून शाळा भरण्यापूर्वी बाईंचा फळा मी लिहून ठेवू लागलो. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते, आणि दोघांनाही त्याची लाज वाटत होती.

एका सकाळी मी खडू घेऊन गेलो, तर बाई जमिनीवर मुलांच्या बसकरावर कष्टाने मांडी घालून बसलेल्या. पाटी मांडीवर, पेन्सिल डाव्या हातात. शेजारी तीच मुलगी, जिला त्यांनी सर्वांत जास्त मारले होते. बाईंचा ‘भ’ आडवा पडला होता. मुलगी शांतपणे म्हणाली, “बाईनू, घाई नको. पुसा नि परत काढा.”

बाईंनी पुसले आणि परत काढले. तो पुन्हा आडवा पडला.

ती मुलगी खेळायला गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “ह्या चेडवाक मी किती मारलंय. आज ता माका एकदाय हसाक नाय. मी तेची माफी मागलंय. आधी तेची, मगे देवाची.” मग म्हणाल्या, “उद्यापासून माजो फळो मीच लिवतलंय.”

दिपोटीसाहेब आले. फळ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “हे अक्षर कोणाचे?”

बाई उभ्या राहून शुद्ध मराठीत म्हणाल्या, “माझे, साहेब. उजवा हात गेला. डावा यंदा पहिलीत आहे.” पुढे म्हणाल्या, “मध्यंतरी गुरुजींनी माझा फळा लिहून दिला. तेही सांगितले पाहिजे.”

माझे कान तापले. साहेबांनी मुलांच्या पाट्या एकेक करून पाहिल्या आणि शेऱ्याच्या वहीत लिहिले: ‘मुलांचे अक्षर उत्तम. बाईंचे मध्यम. वर्ग त्यांच्याकडेच राहावा.’

“मध्यम!” साहेबांची पाठ वळताच बाई म्हणाल्या. “माज्या जल्मात माका कोणी मध्यम म्हणाक नव्हता.” आणि डोळे पुसत हसू लागल्या.

संधिवात बरा झाला नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. काही दिवशी त्या चिडतही. पण पट्टी कपाटात गेली ती पुन्हा निघाली नाही, आणि त्यांच्या वर्गातले हळू शिकणारे मूल पुढच्या रांगेत बसू लागले. दुखण्याने तुम्हाला पुष्कळ शिकवले, असे मी एकदा म्हणालो. त्यांनी मला दुरुस्त केले. “दुखण्यान माका कायच शिकवक नाय, गुरुजी. तेणा फकत माका खाली बसयला. शिकवणारो येशू थंय पोरांत आधीच बसललो.”

साठच्या दशकात त्या अंथरुणाला खिळल्या. डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे शेवटचे पत्र माझ्याकडे आहे: ‘पहिलीत यंदा मागे पडणारी मुले कोण, त्यांची नावे कळवा. मला आता पुष्कळ वेळ असतो. नाव घेऊन प्रार्थना केलेली बरी.’ मी कार्डावर सात नावे कळवली. कार्ड पोचले तेव्हा त्या हयात होत्या. त्यांनी नावे दोनदा वाचून घेतली, असे त्यांची सेवा करणाऱ्या भाचीने नंतर सांगितले.

एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवले. तरी माझे म्हणणे असे, की दुखणे माणसाला नुसते खाली बसवते; देव तिथे आधीच असतो. आपल्या ओळखीत कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन बसावे, वर्षभर पाहावे, आणि माझे म्हणणे खरे की खोटे ते आपण स्वतः पडताळावे, ही विनंती.