थेंबाबाईंची वेणी

थेंबाबाई, हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते तुम्हाला माहीत होतं. तोंडावर मी 'बाई' म्हणायचे, तुम्ही मला 'मॅडम'. मी चोवीस वर्षांची, हातात नवी कोरी पदवी, नाकावर राग. तुम्ही पस्तिशीच्या, आठवी पास, शाम्पूच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत केस धुवायला.

डोक्यावरचे नव्हेत. विकत आणलेले, एका टोकाला चिकटवलेले, वीतभर लांबीचे झुपके. ते धुवायचे, विंचरायचे, वाळवायचे आणि ड्रॉपरनं त्यांच्यावर पाण्याचा थेंब सोडून घड्याळ बघायचं. खिडकीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेले झुपके बघून एक प्लंबर दारातच थबकला होता.

"हे कुणाचे केस?"

"मागच्या प्लंबरचे," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "नळ गळका ठेवून गेला होता."

धडधाकट केसावर जन्मजात स्निग्ध थर असतो, म्हणून थेंब मण्यासारखा बसून राहतो. रसायनांनी रंग उडवलेल्या केसावरचा तो थर गेलेला असतो. तिथे थेंब पसरतो आणि जिरतो. एवढंच शास्त्र. मला ते कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, तुम्ही चार दिवसांत बोटांत उतरवलंत.

मग तो नवा शाम्पू आला. खराब केस पहिल्यासारखे करणारा म्हणे. माझा पहिलाच स्वतंत्र प्रयोग. रंग उडवलेला झुपका त्यानं धुतला, तर थेंब पाच मिनिटं जागचा हलेना. विक्रीविभागाचे साहेब टाळ्या वाजवून गेले. मी तरंगत होते.

"मॅडम, हा थेंब खोटं बोलतोय."

"थेंब कसा खोटं बोलेल, बाई?"

"नुसत्या पाण्यानं धुतलेल्यावरही बसतोय. आणि हात लावून बघा, बुळबुळीत लागतं."

शाम्पूशिवाय धुवायचा झुपका मी घाईत वगळला होता. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही शोभणार नाही अशी चूक! माल चकचकीत दिसावा म्हणून व्यापाऱ्यानं सगळ्याच झुपक्यांना आधीच पाणी अडवणारं सिलिकॉन फासलं होतं. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा, आणि काहीही न फासलेले केस आणायचे कुठून?

तुम्ही कात्री घेऊन बेसिनमागे गेलात. परत आलात तेव्हा वेणी तुमच्या हातात होती. कमरेपर्यंतची, काळी कुळकुळीत.

"अहो, घरी काय सांगाल?"

"सांगीन, कारखान्यानं वेणी ठेवून घेतली आणि माणूस परत पाठवला."

मी डोळे पुसायला लागले. तुम्ही मात्र, "रडायचं तर बाजूला रडा, केसांवर थेंब नको," म्हणून मला हाकललंत.

अर्ध्या वेणीचा रंग उडवून आपण शाम्पू तपासला. थेंब सरळ जिरला. दावा मागे घेतला, माझी लाज राहिली. उरलेली अर्धी वेणी तपकिरी कागदात 'मूळ' असं लिहून कपाटात गेली. पुढे बावीस वर्षं जो नवा माल आला, तो आधी तुमच्या केसांशी ताडून बघितला.

तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदाच भेटायला आलात. केस पांढरे, विरळ.

"नात म्हणते, आजी, तुझे केस कधी काळे नव्हतेच. पैज लागलीय. तेवढी वेणी आणून द्या ना, मॅडम."

"पुढच्या आठवड्यात येतेच घेऊन."

त्याच दिवशी मी ती कपाटातून काढून पिशवीत टाकली. तुमचं घर बसनं सात थांबे. आधी अहवाल आडवे आले, मग गुडघा, मग नुसताच आळस. तुम्ही फोनवर म्हणायचात, "नात अजून चिडवतेय हं." मी वैतागून म्हणायचे, "येते म्हटलं ना!"

मंगळवारी तुम्ही गेल्याचा तुमच्या सुनेचा फोन आला. तेव्हाही पुडकं पिशवीतच होतं. तिनं फोन ठेवल्यावर मी कागद सोडला आणि एक थेंब टाकला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बसून आहे, बाई. हललासुद्धा नाही.