कच्च्या दुधाचा ताप

माझ्या हाताचं मला फार कौतुक होतं. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीपासून पार पिंपळीपर्यंत कुणाची शेळी अडली की मला बोलावणं यायचं. हात बारीक, मनगट लवचीक. आडवं आलेलं करडू मी आत चाचपून सरळ करायची, व्याल्यावर वार अडकली तर कोपरापर्यंत हात घालून ओढायची. मग त्याच हाताला थोडी राख चोळायची, पदराला पुसायची आणि कपबशी उचलायची. बाया टक लावून बघायच्या. कौतुकानं बघतायत, असं मला वाटायचं.

आमच्या घरचे आजेसासऱ्यांपर्यंत मेंढरं घेऊन फिरायचे. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. दहा-बारा शेळ्या राहिल्या आणि दूध न उकळण्याची रीत राहिली. धार काढली की फेसासकट तोंडाला लावायचं. उकळलं की दुधातला जीव जातो, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. कुणी विचारलेलं नसायचं, तरी ऐकवायची.

सून मोरगावची. तिच्या माहेरी दूध तापवून, साय धरवून ठेवायचे. ती नवीन आली तेव्हा मी तिला ह्यावरून फार छळलं. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही; नुसतं बोलून. बोलण्यात मी तरबेज होते. तिला दिवस गेले तसं रोज सकाळी मी धारेचं दूध घेऊन तिच्यासमोर उभी राहायची, रिकामं भांडं हातात येईपर्यंत हलायची नाही.

"आत्या, तापवून पिऊ का? मळमळतंय वो."

"मळमळायचंच. मोरगावला च्याच्या पाण्यावर वाढलीस. नाक दाब आन् पी. पोटातल्याला लागतंय."

ती प्यायची. डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या लेखी ते नखरे होते.

त्याच हिवाळ्यात आमच्या तीन शेळ्या एकापाठोपाठ गाभडल्या. भरत आलेलं पोट आणि करडं मेलेली. तिघींच्याही वारा मी हातानं काढल्या. शेजारणीची नजर लागली म्हणून गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. माझा निकाल झटपट असायचा.

आणि पुढच्या महिन्यात सुनेचं पोट पडलं. पाचवा महिना होता. आठवडाभर आधी ती भावाच्या साखरपुड्याला मोरगावला जाऊन आली होती, एस्टीनं. बस, मला तेवढं पुरलं. एस्टीत हादरे बसले, माहेरच्या हौसेपायी पोराचा जीव घेतला, असं मी अंगणात बोलले, पिठाच्या गिरणीत बोलले, हळदीकुंकवाला बोलले. मोरगावकडं निघालेल्या एका ओळखीच्या बाईबरोबर विहिणीला निरोपही धाडला : तुमच्या साखरपुड्यापायी आमचं नातवंड गेलं.

शेळ्यांचं आणि सुनेचं मी एका ठिकाणी धरून कधी बघितलं नाही. शेळ्यांना नजर आणि सुनेला एस्टी. जनावराच्या आत हात घालून करडू कुठं अडलंय हे सांगणारी मी बाई, आणि घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

त्यानंतर सून वर्षभर माहेरी गेली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं. भाऊ न्यायला आला तरी ती म्हणायची, "नगं दादा, यस्टीत नगं."

पुढल्या वर्षी संक्रांतीनंतर मला ताप धरला. सकाळी उतरायचा, दुपार कलली की चढायचा. घाम इतका की लुगडं पिळून काढावं. आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. गुडघे, खुबा, कंबर. कुणी सांध्यांत खुंट्या ठोकल्यासारखं. गावच्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून गोळ्या दिल्या, मग मलेरिया म्हणून दिल्या. एक म्हातारी म्हणाली, हाडीताप हाय, अंगारा लाव. मी तोही लावला. तीन महिने गेले. मला धार काढता येईना, उकिडवं बसता येईना. मला सगळ्यात बोचत होतं ते हे, की शेळी अडली तर आता लोक दुसऱ्या बाईला बोलवत होते.

माझं सगळं सूनच करत होती. घामाचे कपडे बदलायची, उठवून न्हाऊ घालायची. तिची स्वतःचीही कंबर दुखायची, अंग कसकसायचं, पण ती बोलायची नाही. बोललं की काय ऐकावं लागतं ते तिला माहीत होतं.

शेवटी आमच्या मालकांनी मला बारामतीला नेलं. बरोबर सून. डॉक्टर अगदी पोरसवदा, चष्मेवाला. माझे सांधे दाबून बघितले आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत? गोचीड वगैरे चावलीय का?"

"डॉक्टर, शेळ्या पाळल्यावर गोचीड न्हाय चावणार तर काय मोर चावणार?"

तो हसला नाही. "शेळ्या गाभडल्या का इतक्यात?"

"तीन. म्या सोताच्या हातानं वारा काढल्या." हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"हातमोजे न घालता? आणि दूध? कच्चं पिता?"

"धारोष्ण. पाच पिढ्या पितोय. तुमी बी पीत जावा, हाडं किती बारीक तुमची."

त्यानं लिहिणं थांबवलं. "घरात आणखी कोण पितं?"

मालक तर जन्मापासून बिनदुधाचा काळा चहा पिणारे, मुलगा कारखान्यावर नोकरीला, तो तिकडंच असायचा. मी सुनेकडं बघितलं. ती खाली बघत होती.

दोघींचं रक्त पुण्याला गेलं. आठवड्यानं पुन्हा बारामतीला गेलो, निकाल आला होता. दोघींनाही तोच आजार. ब्रुसेला, डॉक्टर म्हणाला. जनावरांकडून येतो. कच्च्या दुधातनं येतो, वारेतनं, गाभडलेल्या करडांतनं येतो. ताप महिनोन् महिने चढतो-उतरतो, सांध्यांत बसतो. सहा आठवडे गोळ्या, मला वर तीन आठवडे रोज एक इंजेक्शन. एकही दिवस चुकवायचा नाही. दूध खळखळून उकळायचं. शेळ्यांचं रक्त तपासायचं.

सून शेजारच्या दुकानात गोळ्या आणायला गेली तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "सूनबाईंना मूल आहे?"

"गेल्या साली पाचव्या महिन्यात गेलं. यस्टीत हादरे बसले."

"एस्टीनं असं होत नाही, आजी."

पंचेचाळिशीच्या बाईला आजी म्हणाला म्हणून मला आधी राग आला. एवढी मी मूर्ख, की रागही आला तो त्या शब्दाचा. मग तो पुढं बोलला. "या आजारानं होऊ शकतं. तुमच्या शेळ्यांचं झालं तसंच. छातीठोकपणे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे. तिला हे कळायला हवं. मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मीच सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं नाही.

पशुवैद्य आले, शेळ्यांचं रक्त घेतलं. चार शेळ्यांत आजार निघाला. त्या बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधायच्या नाहीत, असं मालकांनी निक्षून सांगितलं आणि पशुवैद्य म्हणाले त्या पद्धतीनं कळपातून काढल्या. घरात दूध उकळायला लागलं. तो वास मला सहन होईना, पण मी मान खाली घालून प्यायची.

औषध सोपं नव्हतं. इंजेक्शनच्या जागा दगडासारख्या झाल्या, कानात रातकिडे बसल्यासारखं वाजायला लागलं. गोळी भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. तरी ढवळून यायचं. आम्ही दोघी जेवण झालं की ओट्यावर ताठ बसायचो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरींसारख्या. मला ओकारी आली की सून माझं कपाळ धरायची, आणि तिला आली की मी तिचं. तिचं कपाळ हातात असताना सांगावं असं रोज वाटायचं. उद्या सांगू म्हणायची. ताप उतरू दे, इंजेक्शनं संपू दे, आज तिचा चेहरा बरा दिसतोय, आज नको. कारणं काढायला मला कधी कमी पडलं नाही. खरं कारण एकच होतं. सांगितलं असतं तर माझा मान गेला असता.

गोळ्यांचा पाचवा आठवडा होता. दुपारी आम्ही ओट्यावर ज्वारी निवडत बसलो होतो. माझा ताप गेला होता, गुडघा थोडा वाकायला लागला होता. सून सुपातनं नजर न काढता म्हणाली, "आत्या, परत दिस ऱ्हायलं तर म्या दाराभाईर पाय टाकणार न्हाय. पाण्यालासुदिक न्हाय."

मी खडे वेचत राहिले.

"त्या दिशी मला मागल्या चाकावरची शीट मिळाली हुती. पुढं एक म्हातारं बसलं हुतं. त्याला उठ म्हणायला लाज वाटली. उठ म्हणलं असतं तर पोर वाचलं असतं."

वर्षभर ती हा हिशेब करत होती. कुठल्या सीटवर बसायला हवं होतं याचा. हे तिच्या डोक्यात मी घातलं होतं, गिरणीत, हळदीकुंकवात, जिथं चार कान मिळतील तिथं.

मी सूप बाजूला ठेवलं. "शीटनं न्हाय गेलं. यस्टीनं न्हाय. ह्या तापानं गेलं असंल. मी पाजलेल्या दुधानं. डॉक्टर म्हणाला."

तिचे हात थांबले. "कवा म्हणाला?"

"निकाल आला त्याच दिशी. तू गोळ्या आणाया गेली हुतीस."

"मंजी महिना झाला."

"व्हय."

"महिनाभर तुमी माझं कपाळ धरीत हुता."

तिनं निवडलेली ज्वारी डब्यात भरली, खडे गोळा करून अंगणात टाकले, सूप भिंतीला टांगलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी पाय तरी धरले असते. घरात जाऊन परत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मला सांगून काय उपेग? माझ्या आईला सांगा. निरोप तुमी तिला धाडला हुता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. बारामतीला गाडी बदलली. मोरगावची एस्टी लागली तेव्हा ती चढताना दांडीला धरून क्षणभर थांबली. मी तिच्या मागं होते. ती चढली आणि रिकामी दिसली त्या पहिल्या सीटवर बसली. गावाजवळ हिरवं संपून बाजरीची मोकळी रानं लागली तशी ती खिडकीकडं तोंड करून बसली ती उतरेपर्यंत.

विहीण दारातच होती. वर्षानं लेक दिसली, तरी आधी माझ्याकडं बघितलं. मी घरात न जाता अंगणातच बसले आणि सगळं सांगितलं. शेळ्या, वारा, दूध, डॉक्टर, महिनाभर गप्प राहिले तेही. निरोप मी धाडला होता आणि तो खोटा होता, हेही सांगितलं.

विहिणीनं एवढंच विचारलं, "हिनं तापवून द्या म्हणलं नव्हतं का, ईनबाई?"

"म्हणाली हुती."

"कितींदा?"

"रोज."

ती उठून आत गेली. तिच्यामागोमाग सून गेली. मग सूनच बाहेर आली आणि म्हणाली, "जेवाया चला. गोळी घ्यायची हाय."

विहिणीनं वाढलं. भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा, तांब्याभर पाणी. काही कमी ठेवलं नाही. पण आग्रह केला नाही. आमच्याकडं विहिणीच्या ताटावर ओणवून, नको-नको म्हणत असताना अर्धी भाकरी टाकतात. तसं न करणं म्हणजे काय ते बाईला बरोबर कळतं. एक भाकरी संपली तसं मी ताटात हात धुतला. गोळी घेतली. लगेच आडवं व्हायचं नव्हतं, म्हणून ताठ बसून राहिले. दुपारच्या गाडीनं एकटी परत आले.

सून तीन आठवडे माहेरी राहिली. उरलेल्या गोळ्या तिनं तिथं पूर्ण केल्या, मी इथं. मधल्या काळात मी गिरणीत जाऊन, जितक्या जणींना आधी सांगितलं होतं तितक्या जणींना सांगायचा प्रयत्न केला. पहिलं लोकांनी जसं कान देऊन ऐकलं होतं तसं दुसरं कुणी ऐकलं नाही. "जाऊ द्या वो, झालं ते झालं," म्हणत दळण उचलायच्या. तरी मी गेले. कुणाची शेळी अडली तरी मी आता हात घालत नाही. हातमोजे घालून पशुवैद्य घालतो, मी बाजूला उभी राहून त्याला नावं ठेवते. तेवढी खोड उरली.

सून आली. नंतर डॉक्टरला विचारून, पुन्हा रक्त तपासून, दीड-दोन वर्षांनी नात झाली. बाळंतपण मोरगावलाच. तिनं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला हो म्हणावंच लागलं असतं. माझा उजवा गुडघा अजून थंडीत धरतो. तो धरला की ती न बोलता शेकायला वीट गरम करून आणते.

आणि विहीण? अजून आहे, माझ्याएवढीच म्हातारी. लग्नाकार्यात भेटतो. पंगतीत मला वाढायला ती स्वतः येते, दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. एक एक पदार्थ नीट वाढते, मीठसुद्धा विसरत नाही. पण इतक्या वर्षांत आग्रहाचा एक घास नाही. मला आणखी हवं असलं की मी मागून घेते.